सालीचा हिशेब

महिन्याला सहाशे रुपये जास्तीचे.
सर्जेरावांच्या ओव्हरटाइममधले,
रात्रीच्या शेवटच्या केएमटीचे,
म्हणून त्यांना डिझेलचा वास येतो.
वीजबिलाच्या पाठीवर मी लिहिलं : सेंद्रिय.
आणि पेन तिथंच अडलं.

सगळंच घेतलं तर आठ दिवस पुरतील.
काहीच नाही घेतलं तर…
परवा चिंगी द्राक्षं फ्रॉकला पुसून खात होती,
ते डोळ्यांपुढून जात नाही.

रविवारी राजारामपुरीत,
शाळेच्या भिंतीलगत भरणाऱ्या बाजारात
मी बिल उलटं धरून उभी.
तांदूळ एकशे चाळीस.
मधाकडे बघितलंच नाही,
आमच्यात मध माणूस आजारी पडल्यावर येतो.
एका टेबलावर बिस्किटं होती, पानाचं चित्र असलेली.
साखर ती साखरच ना, मी विचारलं.
पोरगा म्हणाला, पण ही सेंद्रिय साखर आहे, मॅडम.
मॅडम म्हटलं की माझी मूठ पर्सवर आवळते.

आक्काताई मगदूम टेबल लावत नाहीत.
खाली पोतं, पोत्यावर मेथी, टोमॅटो, थोडी द्राक्षं,
कडेला केळ्यांची फणी.
मी फणीला हात घातला.
"ठेव खाली," म्हणाल्या.
"केळी लक्ष्मीपुरीतनं घे, वीस रुपयं वाचत्यात.
साल टाकतीसच की.
कांदा बी तसाच. नारळाला तर करवंटी हाय.
मेथीला काय हाय गं? अंगावर कापूडच न्हाई तिच्या.
तिच्यावर मारतील ते सरळ तुझ्या कढईत."

आक्का, अशानं तुमची केळी खपायची नाहीत.
"मला खपवायची हायेत. तुला पायजेत का, ते तू बघ."

गूळ मात्र घरात भांडण घेऊन आला.
ढेप फोडली की पिवळीधमक निघावी
हा सर्जेरावांचा धर्म,
मामा त्यांचे बावड्याकडच्या गुऱ्हाळावर गुळव्या होते.
आणि मी आणलेला हा काळपट, मातकट,
रानभेंडीच्या रसानं मळी काढलेला,
बोटाला चिकटणारा.
"फसवलं तुला," म्हणाले, आणि मामांनाच फोन लावला,
स्पीकरवर, मला ऐकू जावं म्हणून.
मामा बराच वेळ खोकले.
मग म्हणाले, "पिवळा पावडरीनं होतो, बाळा.
गिऱ्हाईक रंग बघतंय.
आम्ही घरात खायाला काळाच काढून ठेवायचो."
सर्जेरावांनी फोन पालथा ठेवला.
नंतर काही वेळ दोघांनीही
त्या ढेपेकडे बघितलं.

आता बिलाच्या पाठीवर असं आहे :
गूळ, दोन किलो. पालेभाजी, दर रविवारी.
द्राक्षं हंगामात, पाव किलो, फक्त चिंगीला.
टोमॅटोपुढे प्रश्नचिन्ह.
कांदा, केळी, नारळ, कलिंगड खोडलेलं.
बिस्किटं दोनदा खोडलेली.

मिरचीचं जमलं नाही.
तिला साल नाही, धुऊन वाळवायला ऊन पुरत नाही,
आणि वर्षाची चटणी सहाशेत बसत नाही.
ती नेहमीच्याच दुकानातनं, पाच किलो.
देठ खुडताना मला शिंका आल्या,
मी त्यांना मिरचीच्याच म्हटलं.

काल काळ्या गुळाचा पहिला चहा केला.
फाटला.
पातेल्यात पांढऱ्या चोथ्या तरंगायला लागल्या,
मी ओतायला निघाले, तर सर्जेरावांनी कप पुढे केला.
गाळून घेतला, उभ्या उभ्या प्याले.
बूट घालताना, मान वर न करता म्हणाले,
उद्या गॅस बंद केल्यावर
दूध घालून बघ.