निनाव्यांचा कूलर

मार्च सरत आला की मेकोसाबागेत माझ्या खिडकीपुढं
निनाव्यांचा कूलर उभा राहतो,
तोंड त्यांच्या खोलीत, पाठ माझ्याकडं.
लोखंडी चौकटीत अख्खी गिरणी दळत असते रात्रभर.
शनिवारी टाकी उपसतात, गाळ माझ्या पायरीवर.

चौतीस वर्षं मेयोत रात्रपाळ्या केल्या मी.
झोप मला म्हातारपणी भेटली,
म्हणून जपते तिला, उशिरा झालेल्या लेकरासारखी.

निजण्याआधी प्रार्थनेत नावं घेते.
सुहासिनीचा गुडघा.
जरीपटक्याचा भाचा, त्याची बाटली.
पाळकसाहेबांची मुलगी, जिचं कुठंच जमत नाही.
मग एका घोटात, कडू औषध घ्यावं तसं:
आणि शेजाऱ्यांना आशीर्वाद दे, आमेन.
आडनावच निनावे;
बिननावाचे राहिले तर माझा काय दोष?
पण ती आज्ञा मला लहानपणापासून पाठ आहे,
आणि तिच्यात शेजारी एकवचनी आहे.

आई म्हणायची, देवापुढं हात पसरण्याआधी बोटं मोज.
उपकार आधी, मागणं मागून.
तेव्हा या लेंतला ठरवलं, रोज एक उपकार,
निनाव्यांच्या नावानं.

पहिल्या रात्री: प्रभू, ते आज भंडाऱ्याला गेलेत, तुझे आभार.
(बोलले आणि हसू फुटलं. त्यालाही फुटलं असावं.)
दुसऱ्या रात्री: वाळ्याचा वास, फुकट.
तिसऱ्या, चौथ्या रात्री बोटं तशीच मिटलेली.

उपकार शोधायचा तर माणसाकडं पाहावं लागतं.
पाहू लागले.
नळ येतो रात्री अडीचला. तेव्हा बनियनवर
निनावे बादल्या वाहतात, अकरा मोजल्या मी,
अंगठ्याला चिंधी बांधलेली.
आणि त्या गिरणीच्या तळाशी, कान दिला तर,
एक हळू आवाज:
"आता गार लागून राहिलं का, शकुन?"

उठून बसले.
दंडावर फुगलेली शीर, आठवड्यातून दोनदा दारात रिक्षा,
सगळं दिसत होतं मला, तीन उन्हाळे.
डायलिसिसच्या बाईची खाज मला ठाऊक नाही तर कोणाला?
ऊन तिला पेटवतं. नखं रक्तापर्यंत जातात.
मी फक्त आवाज ऐकला होता.

त्या रात्री आभार मानले नाहीत, क्षमा मागितली.
बसावं लागलं त्याच गुडघ्यांवर.

ईस्टरनंतर एका रात्री वीज गेली.
कूलर थांबला आणि मी जागी झाले, शांततेनं.
दोन जुन्या चादरी भिजवल्या, पिळल्या,
ताडाचा पंखा काखेत धरला.
दार उघडून निनावे म्हणाले,
"आता काहून आल्या सिस्टर? बंदच हाय ना तो."
म्हटलं, "म्हणूनच."

वॉर्डात पसरायचे तशी चादर पसरली तिच्या अंगावर,
आलटून पालटून वारा घातला आम्ही.
अंधारात शकुन म्हणाली,
"तुम्ही रात्री काही पुटपुटता ना, भिंतीतून येते.
मले वाटे, आमच्या कूलरले शिव्या देऊन राहिल्या."
मी म्हटलं, "आधी तेच होतं."
तिचं हसू चादरीखाली हललं.

पावणेचारला वीज आली.
कूलर खोकला, मग लागला दळायला,
आणि तिघंही एकदम गप्प झालो,
जेवणाआधी होतो तसे.

आता नावं घेताना दशरथ निनावे, शकुन निनावे,
गुडघ्याच्या आणि बाटलीच्या मधोमध.
गाळ अजून माझ्याच पायरीवर येतो.
त्याबद्दल आभार मानणं काही जमलेलं नाही.
शनिवारी खराटा घेऊन उतरते,
पुटपुटते.
ऐकू जात असेल पलीकडं.