नाचणीची राखण

नकाशात या गावाला चाळीस मिनिटं दिली होती.
चहा, पाणी, एखादा फोटो,
मग पुन्हा दगडी पायऱ्या,
ज्या मोजायच्या नसतात, खेचरवाला म्हणाला होता,
मोजल्या की वाढतात.

पण जसमती गुरुंगनं माझ्या हातात
बांबूची काठी दिली.
अंगणभर पसरलेली नाचणी दाखवली,
चार कोंबड्या दाखवल्या,
पाच बोटं दाखवली, म्हणजे पाच मिनिटं,
आणि वेताची टोपली कपाळपट्टीला अडकवून
उतार उतरून गेली.

बसले.

दगडी पाट्यांचं छप्पर तापत होतं.
दारावर नवरा, पलटणीच्या टोपीत,
खाली मुलगा, दोहात, पिवळ्या हेल्मेटमध्ये,
मागे काचेची इमारत.
दोघंही माझ्याकडे बघत होते.
कोंबड्याही.

एक आली तिरकी तिरकी,
जणू दुसरीकडेच निघालीय.
शूक शूक म्हटलं. तिला काही कळलं नाही.
जसमती कोंबड्यांशी गुरुंग बोलते,
माझ्याशी नेपाळी,
वाटसरूंशी टी, रूम, हॉट शॉवर.
माझ्यापाशी इथल्या कोंबडीपुरतीही भाषा नव्हती.
काठी आपटली,
तेवढी समजली.

वरून दोघं उतरले, नाकं उन्हानं सोललेली.
नमस्ते म्हणाले, सावकाश, सुटं सुटं,
लहान मुलाशी बोलावं तसं.
मीही म्हटलं, नमस्ते.
त्यांनी फोटो काढला:
काठी, नाचणी, बाई,
मागे ढगात बुडालेला माशाच्या शेपटीचा डोंगर.
सांगायला हवं होतं, मी इथली नाही.
पण तेवढ्यात तांबडी कोंबडी पुन्हा कडेला आली
आणि मला उठावं लागलं.

कुठल्याशा थंड शहरात, कुणाच्या तरी भिंतीवर
मी आता कायमची या अंगणात आहे.

पाच मिनिटं उन्हं कलली तेव्हा संपली.
टोपलीत गवताचा भारा, वर दोन मुळे.
तिनं आधी नाचणी पाहिली, मग मला.
उकिडवी बसली,
एका कोपऱ्यात तळहात फिरवून
उघडी पडलेली फरशी झाकली.
एवढं तर खातातच, म्हणाली.

चहाचे पैसे घेतले.
राखणीचे दिले नाहीत.
ओंजळभर भाजलेले मक्याचे दाणे
माझ्या जाकिटाच्या खिशात, न विचारता, ओतले,
जिथे नकाशा होता.

मी पायऱ्यांकडे पाहिलं. अंधारत होत्या.
उद्या खालच्या घरी सोयाबीन वाळत घालणार आहेत,
मुळा सोलता सोलता ती म्हणाली,
त्यांच्याकडे बकरी आहे.