पाठमोरे

दिवाडीच्या धक्क्यापासून तिसरी शेड इनासची.
पाटी नाही. एकदा लावली होती,
"दुरुस्ती करून मिळेल",
तर गिऱ्हाइकं आत येऊन विचारू लागली, मिळेल का?
दुसऱ्या दिवशी तिचं त्याने स्टूल केलं.

आम्ही बेटावरचे सगळे साधे तट्टू, कपाळं सपाट.
त्याला एक शिंग,
आणि त्याचं ओझं असं
की उंच दारातूनही तो वाकून जातो.
लहानपणी कुणीतरी थट्टेत म्हणालं,
शिंगं मोडून वासरांत शिरतात, बाबा.
त्याने ते खरं मानलं,
अख्खी दुपार कानस घेऊन बसला.
टोकाशी ती सपाट खूण अजून आहे.

मी पोदेर. पाठीवर पावाची टोपली,
गळ्यात रबरी भोंगा, पहाटे पों पों.
भोंगा बसला तेव्हा त्याच्याकडे नेला.
"ठेव," तो म्हणाला. एवढंच.
मी वळलो, दोन पावलं गेलो,
मागे ऐकू आलं:
भिंतीवरच्या तेरा नंबरच्या पान्याला
तो हळूच विचारत होता,
"चहा घेणार?"

भोंगा सुधारला. पण आता पों-च्या शेवटी
एक बारीक श्वास राहिलाय,
दार ठोठावावं की नको, अशा विचारातला.

त्याचं शिंग पेटतं म्हणतात.
गंजलेला नट आपसूक सुटतो म्हणतात.
म्हणतात, कारण पाहिलं कुणीच नाही.
कुणी पाहिलं की विझतं.

मग ती रात्र. रायबंदरहून शेवटची फेरी,
फेरीबोटीवर शेवंतेची वरात,
ढोल, कासाळं, आयाळींत अबोलीचे वळेसर,
साठ जणांच्या खुरांना नवे नाल.
मांडवीच्या मध्यावर इंजिन खोकलं
आणि गप्प झालं.
"घोडं कुठं अडलं रे?" कुणी ओरडलं. हसलो सगळे.
ओहोटीने बोट पणजीकडे, समुद्राकडे ओढली,
मग कुणी हसेना.

दोरखंडाच्या वेटोळ्यामागे इनास होता.
वरातीतला नव्हे. एका वॉशरसाठी शहरात गेलेला,
तो वॉशर दातांत धरून उभा.
सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.
"ते... फिल्टर... म्हणजे मी..."
आणि शिंग कोळशासारखं काळं.

मला कसं सुचलं, ठाऊक नाही.
मी भोंगा दाबला.
"नदी बघा," म्हणालो. "सगळ्यांनी नदी बघा."

आधी नवरीला कळलं.
मुंडावळ्या सावरत ती वळली,
तिच्यामागून नवरा, व्याही, ढोलवाले,
एकेक करून साठ शेपट्या त्याच्याकडे.
पाठ फिरवणं याला आमच्यात बरा अर्थ नाही.
त्या रात्री होता.

खाली पाण्यावर उजेड पडला,
ताज्या बांगड्याच्या पोटासारखा, निळसर, हलता.
त्यात आमच्या सावल्या लांब होत
पार खाजनापर्यंत गेल्या.
एक शिंगरू मान वळवू लागलं,
आईने शेपटीने त्याचे डोळे झाकले.
मागे पाना पडल्याचा आवाज. "माफ करा," तो म्हणाला,
बहुतेक पान्याला.
मग ठक.
ठक.
ठकठकठक.

इंजिन चालू झालं तरी कुणी वळलं नाही.
धक्का येईस्तोवर आम्ही पाणी बघत राहिलो,
जणू त्यासाठीच तिकीट काढलं होतं.

वरात वाजतगाजत टेकाड चढली.
पंधरा पावलं मागे इनास,
अंधाराच्या कडेकडेने,
पण ढोलाच्या ठेक्यात पाय टाकत.
वरातीमागून घोडं, असं म्हणायची
मला फार हुक्की आली. गिळली.

पहाटे त्याच्या शेडचं दार अर्धं उघडं.
भोंगा वाजवायच्या आधीच तो बाहेर,
नजर माझ्या डाव्या कानावर.
"दोन उंडे," म्हणाला. मला.
पान्याला नाही, मला.
मग, "आणि..."

मी थांबलो.
टोपलीतले पाव निवत होते.
निवू देत.