कूस

सगळ्या म्हणाल्या, पोरीची कूस उजवली.
मी हसले. तेव्हा कुठं ठाऊक होतं,
उजवी कूस आता चार महिने
माझी राहणार नाही.

सहाव्यात सुरू झालं.
मांड्यांच्या मधलं, समोरचं हाड.
त्याला आमच्या गावात नाव नाही,
किंवा आहे, पण ते फक्त शिवीत येतं.
कपाशीच्या तासात एक पाय उचलला
की आत करकरायचं,
बंडीच्या चाकाचा आरा सैल झाल्यागत.
वेचणीची ओटी अर्धीही भरत नव्हती,
तरी जड व्हायची.

सासूबाई म्हणाल्या, "होतेच वं तसं.
मी तं नवव्यातही निंदाले जात होती."
डॉक्टर मान वर न करता म्हणाले, होतंच.
आशाताईनं लिहून घेतलं: वजन, रक्त, गोळ्या.
दुखण्याचा रकाना वहीत नव्हता.

परकर उभ्यानं घालता येईना.
खाली पसरून, बसून, दोन्ही पाय एकदम आत,
लहान पोरीसारखी.
आणि रात्री वळायचं म्हणजे बेतच आखावा लागे:
आधी गुडघे जवळ, मग पदर दातात,
मग बाजेचा दोर मुठीत,
आणि मोठी पेटी अरुंद दारातून काढावी
तसं स्वतःला थोडं थोडं फिरवायचं.
नितेश अंधारात विचारायचा, "हात देऊ का वं?"
हात लागला की जास्त दुखते,
हे त्याला सांगायला मला दोन महिने लागले.

कौतिकाबाईनं एक दिवस काही न विचारता
जुन्या धोतराची पट्टी कमरेखाली, पार खाली,
आवळून बांधून दिली.
"माह्या मायनं मले बांधली होती," म्हणाली,
"इसरलीच होती मी."
त्या दिवशी मी नळापर्यंत जाऊन आले.

माघात, हरभरा उपटायला आला तेव्हा,
रात्री अडीचला कळा.
एकशे दोनची गाडी आली.
तिची पायरी उंच होती.
मी त्या पायरीला घाबरले, बाळंतपणाला नाही.
पाठमोरी बसून, मागं मागं सरकत
पोत्यासारखी चढले.

लोखंडी टेबल. पाय अडकवायला दोन कड्या.
मी म्हटलं, नाही उघडणार.
आया म्हणाली, "तवा बरे उघडले होते."

उईके सिस्टर हात पुसत आली.
"कुठं दुखते बाई? कसं निजलं तं सोसते?"

चार महिन्यांत
मला कुणी विचारलं नव्हतं हे.

"डावीवर."
"मंग डावीवरच होऊ दे.
लेकराले का माहीत, माय कशी निजली."
वरचा पाय तिनं आपल्या कमरेला टेकवून धरला,
ओढला नाही,
मी दिला तेवढाच घेतला.
कळ निराळी, ते दुखणं निराळं.
कळ कुठंतरी निघाली होती,
ते नुसतं ठाण मांडून बसलं होतं.
मी कळेच्या मागं गेले.

पोरगी. उजाडायच्या आत.

तिसऱ्या रात्री ती उजवीकडून रडली
आणि मी वळले.
वळून झाल्यावर कळलं, की वळले.
हाड दुखतच होतं, नव्हतं असं नाही.
पण गुडघे, पदर, दोर
काही आठवलं नव्हतं.

आशाताई वही घेऊन आली.
मी म्हटलं, लिही, डाव्या कुशीवर झाली.
ती म्हणाली, तसा रकाना नाही वं याच्यात.
म्हटलं, कडेला जागा आहे ना.
कडेला लिही.