पितळेची पिन

पोत्यातून पेट्रोलचा वास सुटला
तसा शेजारचा माणूस खडकवासल्याच्या आधीच
उठून पुढं गेला.
बरं झालं. मशीनला टेकायला जागा झाली.
कंडक्टरनं अर्धं तिकीट फाडलं तिचं,
लेकरासारखं.

आठ हॉर्सपॉवर, टू स्ट्रोक,
पानशेतच्या फुगवट्यात एकवीस वर्षं.
दुधाचे कॅन, खताच्या गोण्या, अडलेली बाई,
एकदा तर लग्नातला बेंजो, नुसता बेंजो,
वाजवणारे दुसऱ्या खेपेला आले.

नाना पेठेत यासीन मिस्त्रीनं
पोत्याची सुतळी कापली नाही, सोडली,
गुंडाळून माझ्या हातात दिली.
तिथंच मला तो पटला.

खालच्या पेटीचा स्क्रू काढला त्यानं.
तेल आलं ते दूध जास्त झालेल्या चहासारखं.
"पाणी शिरलंय."
मग प्लग काढून भोकावर अंगठा दाबला,
दुसऱ्या हातानं दोरी ओढली,
डोळे मिटून ऐकल्यासारखं केलं.
"म्हातारी आहे," म्हणाला, "पण ढकलतेय अजून."

हिशेब पुठ्ठ्यावर मांडला.
गिअर, सील, पंपाचं रबर, रिंगा, मजुरी:
एकतीस हजार.
ग्यारंटी विचारली तर बोट वर केलं.
वर पत्रा होता.

नवी घ्यायची तर फोर स्ट्रोक, पावणेदोन लाख.
धूर नाही, आवाज नाही,
वजन मात्र दहा-बारा किलो जास्त.
"होडीची मागची फळी झेलेल का?"
फळीत माझी करंगळी जाते.
हे मी त्याला सांगितलं नाही.
फळी बदलायची तर बरगड्या आल्या,
बरगड्या आल्या की होडी आली,
आणि पलीकडच्या वाडीला तर
रस्त्याची खडी येऊन पडलीय.

चहा आला. मी बशीत ओतून बसून राहिले.
तेवढ्यात त्यानं पंख्याचा नट सोडवला
आणि ठोकून ठोकून एक खिळा बाहेर काढला.
"हा कुणी घातला?"

लहानूनं. माझ्या भावानं.
कापलेलं टोक बघूनच ओळखलं.

"इथं पितळेची पिन असते, ताई. मऊ.
पंखा दगडाला लागला की ती मोडते.
मोडणं हेच तिचं काम.
ती मोडते म्हणून आतले दात राहतात."

लहानूला ते मोडणं खपायचं नाही.
भर पाण्यातनं वल्हं मारत परत यायचं,
काठावर लोक हसणार.
पोलादी खिळा ठोकला त्यानं,
आणि नऊ वर्षं काही मोडलं नाही.
कंबर धरली तरी कॅन उचलायचा.
सोसायटीचा माणूस वसुलीला आला
तर त्यालाच होडीतून फिरवून आणायचा, फुकट.
मी विचारलं तर म्हणायचा, मला काय धाड भरलीय.
मग त्या सकाळी धक्क्यावर,
दोरी ओढता ओढता, खाली बसला.

यासीनला दहा हजार दिले, जुनीच कर म्हटलं.
का, ते त्यानं विचारलं नाही,
आणि मलाही नीट सांगता आलं नसतं.
पितळेच्या डझनभर पिना वेगळ्या बांधून घेतल्या.

क्वार्टर गेटवरून चालत ससूनला गेले.
लहानू उजव्या कुशीवर होता, डावा हात उशीवर ठेवलेला,
दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.
पिन त्याच्या चांगल्या हातात दिली.
अंगठ्यानं चाचपली, नखानं ओरखडली.
"ही? ही तर पहिल्या दगडाला जाईल."
"जाऊ दे. वल्हं आहे की."

बराच वेळ तो पंख्याकडे बघत राहिला,
वॉर्डातल्या, छताच्या.
मग म्हणाला,
"खिळा आणलास का माझा?
चांगला होता तो."