कस

फुले मार्केटच्या मागच्या जिन्याखाली
लेखराजचं काचेचं कपाट, आडवं.
आत घड्याळं निजलेली,
प्रत्येकाच्या तोंडावर प्लास्टिकची पातळ साल.
ती तो काढत नाही.
गिऱ्हाईक स्वतः सोलतं, म्हणतो, अर्धे पैसे त्याचेच.

माझ्याआधी पाचोऱ्याचा एक पोरगा, फायनान्सच्या वसुलीवर.
नुसत्या मनगटाला कुणी हप्ता देत नाही म्हणाला.
त्याच्याआधी धरणगावकडची म्हातारी, नातवासाठी.
खरं की खोटं, विचारलंच नाही तिनं.
"चमक कितला दिन राही?"
"आजी, तुमच्यापेक्षा जास्त."
ती हसली, आणि वीस रुपये कमी दिले.

मला सोनेरी हवंय, काळ्या तबकडीचं.
जावयासाठी.

सव्वीस वर्षांपूर्वी चोपड्याच्या मांडवात
धुडकू अहिररावांनी माझ्या मनगटावर घड्याळ बांधलं.
जळगावच्या सराफ बाजारात चाळीस वर्षं
कसोटीचा काळा दगड मांडीशी घेऊन बसलेला माणूस.
दागिना घासायचा, रेघेवर तेजाबाचा थेंब,
मग मान हलायची. हो, किंवा नाही.
तिसरं काही बाजाराने त्यांच्याकडून ऐकलं नाही.

पाच महिन्यांत घड्याळ बंद.
भुसावळ स्टेशनबाहेरच्या घड्याळजीने पाठ उघडली,
डोळ्यावरची काच न काढता मला जवळ बोलावलं.
नखाएवढं यंत्र,
ते हलू नये म्हणून भोवती पांढरं प्लास्टिकचं कडं,
बाकी पोकळी.
"कुणी दिलं, साहेब?"
रस्त्यात घेतलं, म्हणालो.
वीस रुपयांच्या सेलमध्ये
सासऱ्याची अब्रू राखता येते, तेव्हा कळलं.

उज्ज्वलाला सांगितलं नाही.
दर आखाजीला तिला आणायला निघताना नवा सेल.
आप्पा पाण्याचा तांब्या द्यायचे, नजर मनगटावर.
सेकंदकाटा टुणटुण उड्या मारत असायचा.
खऱ्याचा वाहतो म्हणतात.
ज्याला गुंजभर तांबं दिसतं
त्याला उडी दिसत नसेल?
"वेळ बरोबर दाखवतं ना?"
"मिनिटभरही मागे नाही, आप्पा."
मान हलायची. हो.

तेजाबाची बाटली कोनाड्यात असायची, हाताच्या अंतरावर.
दोघांनीही कधी थेंब पडू दिला नाही.

उज्ज्वलाच्या गळ्यातली पोत मात्र
आजही घासून बघा कुठेही.
तीन लेकी होत्या. खरं होतं तेवढं
त्यांनी लेकींच्या अंगावर घातलं.
माझा होता नुसता मान,
आणि मानाला सोनं पुरलं नाही.

हे मला आत्ता कळतंय, जिन्याखाली वाकून.
शिरपूरच्या पाहुण्यांनी काही मागितलं नाही.
मुलाचा मामा फक्त बडीशेप चघळत म्हणाला,
आमच्यात जावयाला घड्याळ असतं.
शोरूममध्येही जाऊन आलो.
किमतीची चिठ्ठी उलटी ठेवतात तिथे.
सुलटी केली, शून्यं मोजली,
बाहेर येऊन उसाचा रस प्यालो. बर्फ जास्त घालून.

लेखराज एक काढतो. "हे घ्या शेठ, फर्स्ट कॉपी.
वजन भरलंय आतून. काटा बघा, वाहता."
बघतो. खरंच वाहतोय.
आता खोट्यालाही उडी मारावी लागत नाही.
आप्पा असते तर
मान कुठल्या बाजूला हलली असती, सांगता येत नाही.

"सेल कुठला लागतो याला?"
"सेल नाही. मनगट हलत राहिलं की चालतं."
"आणि काढून ठेवलं तर?"
"थांबतं."

त्याचं बोट सालीच्या कोपऱ्याकडे गेलं.
राहू दे, म्हटलं.
जावई काढेल.