पाच जरा तिरका

सलमाबादच्या गल्लीत ऊन शटरखालून हातभर आत आलेलं.
लाकडी फळीवर जपानहून उतरलेलं इंजिन,
प्लास्टिकात गुंडाळलेलं, कमी पळालेलं.
तीन दिवसांत बसवून देतो, मी जाफरला म्हणालो होतो.

जुन्याचा तिसरा सिलिंडर पार ओरबाडलाय.
बोअरिंग करा, जर्मनीहून पिस्टन मागवा,
तीन महिने वाट बघा,
आणि खर्च गाडीच्या किमतीला भिडणार.
"तुझी असती तर?" त्यानं विचारलं.
माझी नाही, म्हणून तर सल्ला सोपा आहे.

तो म्हणाला, मामाची गाडी.
हे इंजिन आजवर कुणी उघडलेलं नाही.

रात्री ऑइल पॅन उतरवला.
कनेक्टिंग रॉडच्या टोप्यांवर छिन्नीनं ठोकलेले आकडे:
१, २, ३, पार सहापर्यंत.
पाच जरा तिरका, दुसऱ्या ठोक्यात सावरलेला.

म्हणजे उघडलं होतं. आपल्या लिपीत.
कोण हा? कुठल्या शेडमधला?
कुणी वाचणार नाही हे माहीत असूनही
टोप्यांची अदलाबदल होऊ न देणारा.

बशीरनं विचारलं, सांगायचं का जाफरला?
मी चिंधीनं पाच पुसला, पुन्हा पुसला,
मग फोन लावला.
तीन महिने लागतील, म्हटलं.
बाकी काही नाही.